घरगुती विद्युत उपकरणांचे नेहमीचे बिघाड आणि त्यांची दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपकरण बंद पडले की 'आतले काहीतरी जळाले' असाच विचार प्रथम मनात येतो. घरातील बहुतेक उपकरणे मात्र वीज, हवा आणि पाणी यांच्या ये-जा करण्यावर चालतात, आणि तक्रार करण्याजोगे जे काही घडते त्यातील बराच भाग या तिघांपैकी कोणाची तरी वाट अडल्यामुळे घडतो. अनेक वर्षे घरची आणि आप्तेष्टांची उपकरणे उघडून पाहताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणून खालील उत्तरांमध्ये प्रथम उपकरण न उघडता काय तपासता येते ते सांगितले आहे, आतील सुट्या भागांचा विचार त्यानंतर केला आहे, आणि जिथे हात घालू नये ती ठिकाणे स्पष्टपणे नोंदवली आहेत.

उपकरण अजिबात सुरू होत नाही. तपासणी कुठून सुरू करावी?

भिंतीपासून. ज्या सॉकेटमध्ये उपकरण लावले आहे, त्याच सॉकेटमध्ये व्यवस्थित चालणारे दुसरे एखादे उपकरण, उदाहरणार्थ टेबललॅम्प, लावून पाहावे. तो पेटला नाही तर दोष उपकरणाचा नाही. केवळ टेस्टर लावून समाधान मानू नये, कारण टेस्टर पेटला म्हणजे तिथे फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आहे एवढेच कळते. वीज परत नेणारी न्यूट्रलची तार सुटलेली असली तरी टेस्टर पेटतोच, आणि उपकरण मात्र चालत नाही. या एका गैरसमजापायी चांगली चालणारी उपकरणे खोलली जातात.

सॉकेट ठीक असेल तर पिन पाहावी. बटण बंद करून पिन ओढून काढावी आणि उजेडात न्याहाळावी. पितळी दांड्यांवर काळसर डाग, प्लास्टिकला आलेला तपकिरी रंग, दांडीच्या बुडाशी किंचित वितळून आलेली कड आणि नाकाला जाणवणारा उग्र, माशासारखा वास या खुणा दिसल्या तर सॉकेटची आतील पकड सैल झाली आहे. सैल जोडातून वीज जाताना तो जोड तापतो, तापल्याने पकड आणखी सैल होते आणि हे चक्र वाढत जाते. अशा वेळी नुसती पिन बदलून भागत नाही. सॉकेट आणि पिन दोन्ही बदलावे लागतात, अन्यथा जुना सॉकेट नव्या पिनेलाही जाळतो.

त्यानंतर वायर. वायर मधोमध क्वचितच तुटते. ती जिथे पिनेत शिरते आणि जिथे उपकरणात शिरते त्या दोन ठिकाणी सतत दुमडली जाते, आणि बाहेरचे आवरण शाबूत असताना आतील तांब्याचे केस एकेक करून तुटतात. वायर हलवल्यावर उपकरण क्षणभर चालू होऊन पुन्हा बंद पडत असेल तर दोष तिथेच आहे.

स्वतः दुरुस्ती करताना किमान कोणती काळजी घ्यावी?

बटण बंद करणे पुरेसे नाही, पिन काढलीच पाहिजे. वायरिंग करताना बटण चुकून न्यूट्रलवर बसवले गेले असेल, तर बटण बंद असतानाही उपकरणापर्यंत फेज पोहोचलेली असते. पंखा किंवा गिझर यांसारख्या, पिन नसलेल्या किंवा सहज हाती न येणाऱ्या उपकरणांसाठी एमसीबी (भार जास्त झाल्यास आपोआप पडून वीज तोडणारे बटण) खाली करावी, आणि घरातील कोणी ती परत वर करणार नाही याची सर्वांना कल्पना द्यावी.

तारा सोडवण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी छायाचित्रे काढावीत. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी बसवल्यास तो आतील तारेला भोसकू शकतो. ज्या यंत्रात कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा सुटा भाग) आहे, त्यात वीज तोडल्यानंतरही विद्युतभार साठलेला राहू शकतो. मायक्रोवेव्ह, फ्रीज आणि एसीची गॅसची बंद नळीव्यवस्था, आणि गॅसवर चालणारे गिझर या तीन गोष्टी घरी उघडू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

एमसीबी वारंवार पडते. दोष कोणत्या उपकरणात आहे हे कसे शोधावे?

प्रथम नेमके काय पडते ते पाहावे. एमसीबी पडते तेव्हा भार जास्त झालेला असतो किंवा शॉर्टसर्किट झालेले असते. आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारे बटण) पडते तेव्हा विजेचा काही अंश न्यूट्रलवाटे परत न येता उपकरणाच्या धातूच्या अंगातून किंवा ओलसर भिंतीतून जमिनीकडे गळत असतो. घरासाठी वापरली जाणारी आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअर गळतीला पडते, आणि ती माणसाच्या जिवासाठी असते. ती सतत पडते म्हणून काढून टाकणे किंवा तिला वळसा घालून तार जोडणे ही जीवघेणी चूक आहे.

एमसीबी लगेच न पडता काही मिनिटांनी पडत असेल तर हिशेब करून पाहावा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर २००० वॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर वीज घेतो. त्याच वाटेवर तेवढ्याच वॉटचे दुसरे उपकरण चालवले की बेरीज १७ अँपिअरच्या पुढे जाते, म्हणजे १६ अँपिअरच्या एमसीबीची मर्यादा ओलांडली जाते, आणि भार आणखी वाढला की ती थोड्या वेळाने पडते. येथे एमसीबी आपले काम चोख करत आहे. तिच्या जागी मोठी एमसीबी बसवली तर ती पडायची थांबेल, पण भिंतीतील तार तापत राहील.

गळतीचा शोध घेताना सर्व उपकरणांच्या पिना काढाव्यात, आरसीसीबी वर करावी आणि एकेक उपकरण लावत जावे. यात थोडा धीर हवा, कारण पाणी तापवणारी कॉइल थंड असताना ठीक असते आणि तापल्यानंतर गळू लागते. प्रत्येक उपकरण लावल्यावर पाच-दहा मिनिटे थांबूनच पुढचे लावावे.

उपकरणाला हात लावला की झिणझिण्या येतात. हे कितपत गंभीर आहे?

झिणझिण्या सौम्य असल्या तरी उपकरणाचा वापर त्याच क्षणी थांबवावा. कारण दोनपैकी एक असते. एक तर सॉकेटमधील अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. काही उपकरणांतील विद्युत-फिल्टरमधून नेहमीच अगदी अल्प वीज अर्थिंगकडे जात असते आणि अर्थिंग नसले की ती बाह्य अंगावर जाणवते. दुसरे कारण म्हणजे आतील आवरण खरोखर फाटले आहे. स्पर्शावरून या दोन्हींतला फरक ओळखता येत नाही, आणि तो ओळखण्यासाठी पुन्हा स्पर्श करून पाहणे तर मुळीच करू नये. पिनेचा अर्थिंगचा जाड दांडा कापून टाकलेला असेल किंवा दोन पिनांच्या सॉकेटसाठी जोड वापरला असेल तर तो आधी बदलावा.

फ्रीज चालू आहे, दिवा लागतो, पण थंडावा पुरेसा नाही. काय तपासावे?

येथे हवेची वाट महत्त्वाची आहे. फ्रीज थंडी निर्माण करत नाही. तो आतील उष्णता उचलून मागील किंवा तळाच्या जाळीतून बाहेर टाकतो. ती जाळी धुळीने भरली किंवा फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवला की उष्णता बाहेर जात नाही, कंप्रेसर अखंड चालत राहतो आणि आत मात्र कोमटपणा जाणवतो. पिन काढून जाळी मऊ ब्रशने साफ करावी, आणि माहितीपुस्तिकेत सांगितलेले अंतर भिंतीपासून राखावे.

नंतर दरवाजाचे रबर. कागदाची एक पट्टी रबर आणि चौकट यांच्यामध्ये धरून दरवाजा बंद करावा आणि पट्टी ओढावी. ती अडखळत निघाली तर पकड चांगली आहे, सहज सुटून आली तर त्या जागेतून गरम दमट हवा आत शिरत आहे. ही तपासणी चारही बाजूंनी, विशेषतः बिजागराकडील कोपऱ्यात करावी. रबर बहुतेक वेळा नुसते मळलेले किंवा कडक झालेले असते. कोमट साबणाच्या पाण्याने पुसून, दुमडलेल्या भागावर गरम पाण्यात भिजवलेले फडके धरले की ते पुष्कळदा पूर्ववत होते.

वरचा कप्पा बर्फ धरतो, पण खालचा थंड होत नाही, ही फ्रॉस्ट-फ्री (बर्फ आपोआप वितळवणाऱ्या) फ्रीजमधील अगदी ठरावीक तक्रार आहे. अशा फ्रीजमध्ये एक लहान पंखा फ्रीजरमधील थंड हवा खाली ढकलतो. हवेचे झरोके डब्यांनी झाकले गेले असतील, पंखा बंद पडला असेल किंवा फ्रीजरच्या मागील पत्र्याआड बर्फाची भिंत तयार झाली असेल तर खाली हवाच येत नाही. फ्रीज रिकामा करून, पिन काढून, दरवाजे उघडे ठेवून पूर्ण एक दिवस तसाच राहू द्यावा. त्यानंतर तो काही दिवस उत्तम चालला आणि आठवड्याभरात तीच तक्रार परत आली, तर बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा थर्मोस्टॅट (तापमानानुसार वीज जोडणारा-तोडणारा भाग) किंवा टायमर यांपैकी काहीतरी निकामी आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. ही माहिती कारागिराला दिली तर त्याचा आणि तुमचा बराच वेळ वाचतो.

साठलेला बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये. आतील ॲल्युमिनियमच्या नळीला सुईएवढे भोक पडले तरी गॅस निघून जातो, आणि अनेक फ्रीजमध्ये आज वापरला जाणारा आर-६००ए हा गॅस ज्वालाग्राही आहे.

तापमानाबाबत अंदाजावर विसंबू नये. साधा तापमापक पाण्याच्या पेल्यात ठेवून तो पेला मधल्या कप्प्यात रात्रभर राहू द्यावा. सकाळी वाचन ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे. फ्रीजरसाठी योग्य तापमान उणे १८ अंश आहे.

फ्रीजमध्ये भाज्यांच्या कप्प्याखाली पाणी साठते. गळती कुठून होते?

ही गळती नसते. बर्फ वितळून झालेले पाणी मागील भिंतीच्या तळाशी असलेल्या लहान छिद्रातून बाहेरच्या तबकात जाते आणि तिथे कंप्रेसरच्या उष्णतेने वाळते. ते छिद्र तुंबले की पाणी आतच पसरते. कोमट पाणी आणि मऊ प्लास्टिकची लवचीक नळी वापरून छिद्र मोकळे करावे.

फ्रीजमधून काही मिनिटांच्या अंतराने 'टिक' असा आवाज येतो आणि कंप्रेसर सुरू होत नाही. कंप्रेसर जळाला का?

कदाचित, पण तसे गृहीत धरू नये. कंप्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करतो, होत नाही, तापतो आणि ओव्हरलोड संरक्षक त्याची वीज तोडतो. तो तोडताना हा आवाज येतो. याचे कारण पुष्कळदा कंप्रेसरला लागून असलेला स्टार्टिंग रिले असते. हा भाग लहान आणि स्वस्त असून तो काढून हलवल्यावर आत तुकडे खुळखुळत असतील तर तो निश्चित खराब आहे. रिले बदलून पाहिल्याशिवाय कंप्रेसर बदलण्याच्या सल्ल्याला होकार देऊ नये. विजेचा दाब फार कमी असेल तरीही हेच लक्षण दिसते, हेही ध्यानात असावे.

वीज बराच वेळ गेली तर फ्रीजमधील पदार्थ किती वेळ टिकतात?

दरवाजा न उघडल्यास मुख्य कप्पा सुमारे ४ तास सुरक्षित तापमान राखतो. फ्रीजर पूर्ण भरलेला असेल तर सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला असेल तर सुमारे २४ तास.

वॉशिंग मशीन धुते, पण पाणी बाहेर टाकत नाही. पंप खराब झाला असेल का?

पंपापर्यंत जाण्याआधी तीन जागा पाहाव्यात. पहिली, मागील नळी भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये चेमटली आहे का. दुसरी, नळीचे तोंड जिथे सोडले आहे ती मोरी किंवा पाइप तुंबला आहे का. तिसरी, पुढील बाजूस खाली एका लहान झाकणामागे असलेला ड्रेन फिल्टर. तो उघडण्यापूर्वी पिन काढावी, पाणी गरम असेल तर निवू द्यावे, खाली पसरट भांडे आणि जाड फडके ठेवावे, आणि झाकण एकदम न काढता अर्धा आटा सैल करत पाणी थोडे थोडे निथळू द्यावे.

माझ्या घरातील यंत्राचा पंप एकदा नुसता गुणगुणत होता आणि पाणी जागचे हलत नव्हते. तपासायला आलेल्या कारागिराने पंप बदलावा लागेल असे सांगितले. संध्याकाळी फिल्टर काढून टॉर्चच्या उजेडात आत पाहिले, तर पंपाच्या पात्यांच्या आणि भिंतीच्या मधोमध शर्टचे एक पांढरे बटण उभे अडकले होते, आणि त्याच्या चार छिद्रांत केस व धाग्यांची करडी लगदी घट्ट बसली होती. चिमट्याने ते बटण काढले, पाते बोटाने फिरवून पाहिले, आणि तोच पंप पुढे कित्येक वर्षे चालला. पंप गुणगुणतो याचा अर्थ त्याला वीज मिळत आहे. गुणगुणणाऱ्या पंपात अडथळा शोधावा आणि पूर्ण निःशब्द पंपात वायर, कॉइल किंवा नियंत्रक शोधावा.

मशीनमध्ये पाणी फार हळू भरते, किंवा भरतच राहते. असे का होते?

हळू भरण्याचे कारण बहुधा पाण्याच्या नळीच्या दोन्ही टोकांशी असलेल्या बारीक जाळ्या असतात. नळ बंद करून, नळी सोडवून, जाळी पक्कडीने अलगद ओढून वाहत्या पाण्याखाली धुवावी. जाळी त्रास देते म्हणून फेकून देऊ नये, कारण ती नसेल तर वाळूचे कण आतील व्हॉल्वमध्ये अडकतात आणि मग यंत्र बंद असतानाही पाणी आत झिरपत राहते.

पाणी सतत भरत राहते तेव्हा आधी बाहेर टाकणारी नळी कुठे आहे ते पाहावे. तिचे तोंड टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा खाली पडलेले असेल, तर भरलेले पाणी आपोआप वाहून जाते आणि यंत्राला ते कधीच पुरे वाटत नाही. पुढून उघडणाऱ्या यंत्रांत हे तोंड जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंच असावे लागते. नळी योग्य उंचीवर असूनही तक्रार राहिली, तर पाण्याची पातळी मोजणाऱ्या प्रेशर स्विचकडे जाणारी बारीक हवानळी निसटली किंवा तुंबली आहे का, हे तपासून घ्यावे.

कपडे पिळताना मशीन थरथरते, कधी जागेवरून सरकते. काय करावे?

नवे यंत्र असेल तर मागच्या बाजूचे वाहतुकीचे बोल्ट काढले आहेत का ते पाहावे. ते तसेच ठेवून चालवल्यास यंत्राचे कायमचे नुकसान होते. जुन्या यंत्रात चारही पाय जमिनीला टेकले आहेत का, हे यंत्राच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबून समजते. एकच जड चादर धुण्याऐवजी तिच्यासोबत दोन-चार लहान कपडे टाकले की वजन सारखे विभागते. रिकामे यंत्र पिळण्याच्या वेगाने फिरवल्यावरही विमानासारखा घरघराट वाढत गेला तर बेअरिंग गेले आहे. ही मोठी दुरुस्ती आहे आणि ती लांबवल्यास ड्रमचा दांडाही झिजतो.

मशीनला कुबट वास येतो. कोणते औषध वापरावे?

औषधापेक्षा सवय बदलावी. साबणपूड गरजेपेक्षा जास्त टाकली की ती पूर्ण धुतली जात नाही, तिचा चिकट थर ड्रमच्या मागे बसतो आणि त्यावर बुरशी वाढते. धुणे झाल्यावर दरवाजाच्या रबराची घडी उघडून आतून पुसावी, दरवाजा आणि साबणाचा कप्पा उघडा ठेवावा, आणि महिन्यातून एकदा कपड्यांविना सर्वांत गरम पाण्याची फेरी चालवावी.

छताचा पंखा पूर्ण वेगावरही हळू फिरतो. मोटार बदलावी लागेल का?

मोटार क्वचितच दोषी असते. पंख्याच्या वरच्या वाटीत एक लहान कपॅसिटर असतो, ज्याला कारागीर सर्रास कंडेन्सर म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याची क्षमता घटते आणि पंखा हळूहळू मंदावतो. हा बदल इतका सावकाश होतो की घरातील माणसांना तो जाणवत नाही. कपॅसिटर पूर्ण गेला की पंखा नुसता गुणगुणतो, आणि काठीने ढकलल्यावर फिरू लागतो. नवा कपॅसिटर जुन्यावर छापलेल्या क्षमतेचाच घ्यावा. छताच्या पंख्यांत सामान्यतः २.५ मायक्रोफॅरडच्या आसपासचा असतो. वेग वाढावा म्हणून मोठा कपॅसिटर बसवल्यास वाइंडिंग तापते. काढण्यापूर्वी वीज एमसीबीवरून बंद करावी आणि त्याच्या दोन्ही टोकांना हात लावू नये.

पंखा शेवटच्या क्रमांकावर व्यवस्थित चालतो आणि इतर क्रमांकांवर अडखळतो, असे असेल तर दोष रेग्युलेटरचा आहे. पंखा डुलत असेल तर छतापासून प्रत्येक पात्याच्या टोकाचे अंतर एकाच जागी पट्टी धरून मोजावे. ज्या पात्याचे अंतर वेगळे येईल त्याचे स्क्रू सैल आहेत किंवा त्याची पट्टी वाकली आहे. त्याच वेळी छताचा हूक, त्यावरील रबर, आणि दांडीचा बोल्ट व त्यातील खिळ हेही पाहून घ्यावे, कारण हा भाग थेट माणसांच्या डोक्यावर असतो.

मिक्सर चालता चालता बंद पडला. आता काय?

पिन काढून मिक्सर उलटा करावा. तळाशी एक लहान बटण असते. ते ओव्हरलोडचे बटण आहे. दहा-पंधरा मिनिटे थांबून ते आत दाबावे आणि जार न लावता मिक्सर चालवून पाहावा. चालला तर भांड्यात जिन्नस जास्त होते किंवा पाते जाम झाले आहे. जारचे पाते हाताने, जाड फडके धरून फिरवावे. ते अडत असेल तर बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, कोरडे पडले आहे आणि तो जारच दुरुस्तीला द्यावा.

मोटार फिरते पण पाते फिरत नाही, तेव्हा मोटार आणि जार यांना जोडणाऱ्या कपलरचे दात झिजलेले असतात. मोटार अधूनमधून चालते, आतून मोठ्या निळ्या ठिणग्या दिसतात आणि करपल्याचा वास येतो, तेव्हा कार्बन पाहावेत. कार्बन म्हणजे स्प्रिंगने दाबून धरलेली काळी चौकोनी कांडी. तिचे टोक गुळगुळीत, चकचकीत आणि मोटारीच्या गोलाईप्रमाणे किंचित खोलगट झिजलेले असेल तर ती नीट बसत आहे. टोक तुटके असेल किंवा कांडीची लांबी अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आली असेल तर दोन्ही बाजूंचे कार्बन एकदमच बदलावेत.

गिझर पाणी गरम करत नाही, किंवा फार वेळ घेतो. दोष कसा ओळखावा?

दिवा लागतो पण पाणी गारच राहते, तर कॉइल तुटली आहे किंवा थर्मोस्टॅट व कटआउट (अति तापल्यास वीज तोडणारा भाग) यांपैकी एकाने वीज अडवली आहे. काही गिझरमध्ये कटआउटचे बटण हाताने पूर्ववत करता येते, परंतु ते पुन्हा पडले तर पुन्हा दाबू नये, कारण थर्मोस्टॅट पाणी तापल्यावरही वीज तोडत नसल्याची ती सूचना असते. पाणी गरम होते पण वेळ दुप्पट लागतो, आणि तापताना आतून कढईत तडतडल्यासारखा आवाज येतो, याचा अर्थ कॉइलवर क्षारांचा थर चढला आहे.

टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः गंजून टाकीचे पोलाद वाचवते. ती संपल्यावर टाकी गंजू लागते, आणि टाकी गळू लागली की उपाय उरत नाही. पाण्यात क्षार जास्त असतील तर ही कांडी दरवर्षी तपासून घ्यावी. सुरक्षा व्हॉल्वमधून पाणी तापताना थेंब पडणे स्वाभाविक आहे. ते थांबवण्यासाठी व्हॉल्वला बूच मारणे म्हणजे बंद टाकीत दाब कोंडणे होय, आणि त्यातून टाकी फुटू शकते.

इस्त्री किंवा पाण्याची किटली तापत नाही. घरच्या घरी मल्टिमीटरने तपासता येईल का?

होय, आणि मल्टिमीटर शिकण्यासाठी यापेक्षा सोपे उपकरण नाही. पिन सॉकेटमधून काढलेली, उपकरणाचे बटण चालू आणि थर्मोस्टॅट सर्वांत वर, अशा स्थितीत पिनेच्या फेज व न्यूट्रल दांड्यांमधील रोध (विजेला होणारा अडथळा) मोजावा. अपेक्षित आकडा व्होल्टच्या वर्गाला वॉटने भागून मिळतो. २३० व्होल्टवरील १००० वॉटच्या इस्त्रीत तो सुमारे ५३ ओहम आणि २००० वॉटच्या किटलीत सुमारे २६ ओहम येतो. आकडा जवळपास आला तर कॉइल आणि वायर शाबूत आहेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज (अति तापल्यास वीज कायमची तोडणारा भाग) किंवा वायर यांपैकी एक तुटले आहे, आणि ते एकेक करून मोजत गेले की दोष सापडतो. शेवटी फेजचा दांडा आणि अर्थिंगचा दांडा यांमध्येही मोजावे. तिथे मीटरने काहीही दाखवता कामा नये.

थर्मल फ्यूज गेला असेल तर त्याच तापमानाचा नवा बसवावा. त्याच्या जागी तारेचा तुकडा जोडून इस्त्री 'चालू' केल्याचे मी पाहिले आहे, आणि अशी इस्त्री घरात ठेवणे आगीला निमंत्रण देणे आहे. किटलीतील पांढऱ्या थरासाठी पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड उकळून अर्धा तास ठेवावे आणि दोन-तीनदा स्वच्छ पाणी उकळून टाकून द्यावे.

मायक्रोवेव्हचा दिवा लागतो, तबकडी फिरते, पण पदार्थ गरम होत नाही. उघडून पाहावे का?

उघडू नये. मायक्रोवेव्ह लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनला काही हजार व्होल्ट लागतात, आणि त्याच्या जोडीचा कपॅसिटर पिन काढल्यानंतरही प्राणघातक भार धरून ठेवू शकतो. बाहेरून करण्याजोगे एवढेच: दरवाजा पूर्ण बसतो का आणि त्याचे आकडे तुटलेले नाहीत ना ते पाहावे, आणि कपभर पाणी एक मिनिट ठेवून तापते का ते तपासावे. आत ठिणग्या उडत असतील तर बाजूच्या भिंतीवरील पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा पत्रा चिकट किंवा करपलेला असतो. तो स्वच्छ करावा, जळला असेल तर बदलून घ्यावा, आणि तोपर्यंत यंत्र वापरू नये.

एसीच्या आतील भागातून पाणी गळते आणि थंडावाही कमी झाला आहे. गॅस भरावा का?

आधी फिल्टर धुवावा. वापराच्या दिवसांत तो दर दोन आठवड्यांनी धुतला पाहिजे. फिल्टर धुळीने बंद झाला की कॉइलवरून हवा जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो, आणि एसी बंद केल्यावर तो बर्फ वितळून पाणी खोलीत गळते. म्हणजे एकाच अडथळ्यातून दोन्ही तक्रारी निर्माण होतात. फिल्टर स्वच्छ असूनही पाणी गळत असेल तर निचऱ्याची नळी तुंबली आहे किंवा तिला मध्येच चढ आला आहे.

गॅसविषयी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. एसी किंवा फ्रीजमधील गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर नळीत कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरून घेणे म्हणजे तळ फुटलेली बादली पुन्हा पुन्हा भरणे आहे. कारागिराला गळती कुठे सापडली ते दाखवायला सांगावे, ती जागा जोडल्यानंतर दाब धरतो का ते पाहावे, आणि मगच गॅस भरू द्यावा.

दुरुस्ती करावी की नवे उपकरण घ्यावे, हे कसे ठरवावे?

वयापेक्षा बिघडलेला भाग कोणता, हे अधिक महत्त्वाचे. रिले, पंप, कपॅसिटर, कार्बन, रबर, थर्मोस्टॅट हे झिजण्यासाठीच असलेले भाग आहेत आणि ते बदलणे जवळजवळ नेहमीच योग्य ठरते. गिझरची गंजलेली टाकी, फ्रीजच्या भिंतीआड झालेली गॅसगळती, वॉशिंग मशीनचा झिजलेला ड्रम आणि बेअरिंग यांच्या बाबतीत खर्च नव्या उपकरणाच्या निम्म्याच्या पुढे जात असेल तर मी दुरुस्तीचा आग्रह धरणार नाही.

कारागिराला बोलावताना काय सांगावे?

'चालत नाही' एवढे सांगू नये. उपकरणाच्या मागील पट्टीवरचा मॉडेल क्रमांक, बिघाड पहिल्यांदा केव्हा दिसला, तो सतत आहे की अधूनमधून, आवाज कसा आणि यंत्राच्या कामाच्या कोणत्या टप्प्यावर येतो, पडद्यावर कोणता कोड दिसतो, आणि तुम्ही स्वतः काय काय तपासून पाहिले हे सांगावे. आवाज अधूनमधून येत असेल तर तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा, कारण कारागीर दारात उभा राहिला की तो आवाज हमखास थांबतो. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. त्यावर छापलेली क्षमता आणि नव्या भागावरची क्षमता जुळते का, हे त्याच्यासमोरच पाहून घ्यावे आणि उपकरण एक पूर्ण फेरी चालवून झाल्यावरच त्याला निरोप द्यावा.